दुष्काळ आणि दोन ग्रंथी

१९७२ च्या दुष्काळात आमच्या सोनईकडची माणसे खडी फोडायला गेली. दिवसभर राबूनही वडिलांचा रात्री डोळा लागत नसे. ‘काळजीनं माणूस आतून वाळतं,’ आजी म्हणे. तिला काय ठाऊक, की १९३६ साली माँट्रियलच्या हान्स सेली यांनी उंदरांत असेच काही पाहिले होते! थंडी, इजा, अतिश्रम, कारण कोणतेही असो, मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी फुगत. संकटकाळी या ग्रंथी कॉर्टिसॉल हे संप्रेरक सोडून रक्तातली साखर वाढवतात, ते उपकारकच. पण काळजी हटेना, तर मेंदूचा हुकूमही थांबत नाही. झोप बिघडते, भूक बिघडते. ग्रंथी थकतात हा समज खरा नव्हे. थकतो तो माणूस. १९७३ चा पाऊस पडला आणि वडील ओसरीवर घोरू लागले.