लेअर कोंबड्यांच्या खाद्यातील कॅल्शियम

अंड्याचे कवच बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेटचे असते. एका कवचासाठी कोंबडीला साधारण २ ग्रॅम कॅल्शियम लागते, म्हणून लेअर खाद्यात त्याचे प्रमाण ३.५ ते ४ टक्के ठेवतात. वाढत्या तलंगांना सुमारे १ टक्का पुरते; त्यांना फार आधीपासून लेअर खाद्य दिल्यास मूत्रपिंडे बिघडतात. कवच घडते ते मुख्यतः रात्री, कोंबडी खात नसताना. शिंपल्यांचे जाडसर तुकडे पेषणीत रेंगाळून तेव्हा कॅल्शियम पुरवतात. नुसत्या बारीक चुनखडीला हे जमत नाही. तुटवडा पडला की कोंबडी स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढते. शोषणासाठी ड-३ जीवनसत्त्व हवेच. उन्हाळ्यात खाणे घटून कवच पातळ होते, तेव्हा खाद्यातील कॅल्शियमची टक्केवारी वाढवावी.