नांदेड-लातूरचा पाषाण आणि 'ज्वालामुखी' हा शब्द

'ज्वालामुखी' या शब्दात ज्वाळा आहे आणि मुखही आहे. कांगड्याच्या देवस्थानास हे नाव अन्वर्थक होय. तथापि तेथे जळतो तो भूगर्भातून येणारा नैसर्गिक वायू, शिलारस नव्हे. नांदेड-लातूरचा काळा पाषाण मात्र खरोखरच शिलारसापासून झालेला असून त्याला असे मुख नव्हते. शब्द आणि वस्तू यांची ही फारकत ध्यानात न घेतल्यास या भूमीचा इतिहास चुकीचा वाचला जातो.

युरोपीय भूशास्त्रज्ञांनी या पाषाणास 'ट्रॅप' म्हटले, ते जिन्याच्या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून. टेकड्यांच्या पायऱ्या त्यांच्या डोळ्यांत भरल्या होत्या. पुढे १८४० साली माल्कमसन यांचा या पाषाणप्रदेशाच्या पूर्व भागातील जीवाश्मांवरील निबंध प्रसिद्ध झाला. त्यातील गोड्या पाण्यातील शंख महत्त्वाचे ठरतात. ज्या भूमीवर तळी साचली व त्यांत जीव नांदले, तेथे दोन उद्रेकांमध्ये दीर्घ शांतता होती हे उघड आहे.

शिवाय उद्रेकही बहुधा सौम्यच होते. याचे कारण वायूत शोधावे लागते. खोलवर दाबाखाली पाण्याची वाफ, कर्बद्विप्राणिद व गंधकाचे वायू शिलारसात विरघळलेले असतात. रस वर येऊ लागला की दाब उतरतो आणि वायू बुडबुड्यांच्या रूपाने सुटा होतो. रस दाट व सिकतायुक्त असेल तर बुडबुडे कोंडतात आणि १८८३ च्या क्राकाटोआसारखा स्फोट होतो. बेसाल्टचा रस पातळ. त्यातून वायू सहज निसटतो, आणि रस भेगांतून वाहत दूरवर पसरतो. याची साक्ष थराथरांत आहे: मध्यभागी घट्ट पाषाण, माथ्याशी सच्छिद्र. ती छिद्रे म्हणजे अडकलेल्या वायूची घरे. पुष्कळांत पुढे पांढरी खनिजे भरली. विहीर खणणारास हा भेद पुस्तकावाचून ठाऊक असतो. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी येथे घेतलेल्या छिद्रात असे थर सुमारे ३३८ मीटर खोल आढळले व त्याखाली प्राचीन खडक लागला. नांदेडच्या आग्नेयेस, देगलूरकडे, तोच जुना ग्रॅनाइट उघडा पडलेला दिसतो.

सौम्य म्हणजे निरुपद्रवी, असे मात्र नव्हे. आइसलंडमधील लाकी येथे १७८३ साली अशाच भेगा उघडल्या. वायूंनी कुरणे विषारी झाली, गुरे मेली आणि दुष्काळात देशाची सुमारे पंचमांश लोकसंख्या नष्ट झाली. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे दख्खनचे उद्रेक त्याहून कितीतरी मोठे होते. त्या काळी झालेल्या डायनोसॉरांच्या विनाशात या वायूंचा वाटा किती आणि अशनिपाताचा किती, यावर विद्वानांत अद्याप एकमत नाही.