चार पाकळ्यांचे पान

शेळीच्या खरेदी-विक्रीची गणिते मी वर्गात वर्षानुवर्षे घालत आलो आहे. खरेदी अमुक, चारा अमुक, विक्री अमुक, नफा काढा. एकदा मागच्या बाकावरच्या एका पोराने विचारले, "गुरुजी, विकल्यावर ती शेळी कुठं जाते?" मी त्याला खाली बसवले. पुढे अमेरिकेतील खेड्यांतल्या मुलामुलींच्या मंडळांचा इतिहास वाचताना तोच प्रश्न पुन्हा समोर उभा राहिला.

ही मंडळे सुरू केली ती शाळेच्या माणसांनी, म्हणून मला त्यांचे विशेष ममत्व. १९०२ च्या जानेवारीत ओहायो राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे ए. बी. ग्रॅहॅम या ग्रामीण शाळांच्या अधीक्षकाने शेतकऱ्यांची मुले जमवली. बैठक भरली कोर्टाच्या तळघरात! मका कसा निवडावा, माती कशी तपासावी, असे त्यांचे पाठ. आयोवात जेसी फील्ड या शिक्षिकेने असाच उद्योग मांडला होता. तिने मुलांसाठी क्लोव्हर या चाऱ्याच्या त्रिदळी पानाची खूण केली. पुढे पान चारदळी झाले. डोके, हृदय, हात आणि आरोग्य, या चारही शब्दांचे इंग्रजी आद्याक्षर 'एच'; म्हणून नाव पडले 'फोर-एच'.

पोरांवर शहाण्यासुरत्या लोकांचा एवढा लोभ का जडावा? कारण बापे ऐकत नव्हते. कृषी महाविद्यालयाने नवे बियाणे सांगावे आणि शेतकऱ्याने मान डोलावून जुनेच पेरावे. मग पोराच्या हाती एक एकर देऊन पाहण्याची युक्ती निघाली. १९१० साली दक्षिण कॅरोलायनातील जेरी मूर या मुलाने एका एकरात २२८ बुशेलांहून अधिक मका काढला. मक्याचा एक बुशेल म्हणजे सुमारे २५ किलो. हिशेब वाचकांनीच करावा. १९१४ च्या स्मिथ-लेव्हर कायद्याने ही विद्या गावोगाव नेण्याला सरकारी आधार मिळाला. दक्षिणेत मात्र काळ्या मुलांची मंडळे वेगळी ठेवलेली होती. १९६४ चा नागरी हक्कांचा कायदा येईपर्यंत त्या पानाची हृदयाची पाकळी तिथे सुकलेलीच होती, असे म्हणावे लागते.

ज्या जत्रेत ही मुले आपली जनावरे नेतात ती याहून जुनी. १८०७ मध्ये एल्काना वॉटसन नावाच्या गृहस्थाने मॅसॅच्युसेट्समधील पिट्सफील्डच्या चौकात एका एल्म वृक्षाखाली दोन मेरिनो मेंढ्या बांधल्या. बघ्यांची ही गर्दी! दोन मेंढ्यांना एवढे लोक येतात, तर साऱ्या गावाची जनावरे मांडली तर किती येतील, असे त्याच्या मनात आले. तिथल्या काउंटीच्या जत्रांची कुळी बरीचशी या झाडाखालीच सापडते.

मूल वासरू, कोकरू किंवा डुकराचे पिल्लू आणते. त्याला नाव ठेवते, वैरण मोजून घालते, वजन वहीत मांडते, दावे धरून चालायला शिकवते. जत्रेच्या सकाळी न्हाऊ घालून, केस विंचरून ते जनावर रिंगणात नेते. परीक्षक पाठीवरून, पुठ्ठ्यावरून हात फिरवतो. मूल श्वास रोखून उभे. निळी फीत मिळाली की आनंद काय वर्णावा! मग लिलाव. गावचे व्यापारी पोराला हात द्यावा म्हणून बाजारभावापेक्षा चढी बोली बोलतात. पैसा पुष्कळदा पुढच्या शिक्षणाला जातो. आणि जनावर, बहुधा, कसाईखान्याकडे.

२०२२ साली कॅलिफोर्नियातील शास्ता परगण्यात एका लहान मुलीला हे सोसवेना. लिलावात ९०२ डॉलरला गेलेली आपली शेळी तिला परत हवी होती. आई पैसे भरायला तयार होती, आयोजक नव्हते. शेरीफची माणसे शेकडो मैल गाडी हाकून शेळी घेऊन आली, आणि ती कापली गेली. खटला चालला, २०२४ मध्ये तीन लाख डॉलरची भरपाई ठरली. नियम मोडला हे खरेच; पण मंडळाने त्या मुलीला चारातली दुसरी पाकळी शिकवली नव्हती असे तरी कसे म्हणावे?

माझा तो मागच्या बाकावरचा पोरगा आता शाळा सोडून गेला. शेळीचे गणित पुस्तकात अजून आहे. ते घालताना हल्ली मी फळ्याकडे तोंड करून उभा राहतो.