तिकीट काढायचं की पाकिटावरच राहू द्यायचं?

जुनी पत्रं बघायला कुणाच्या घरी गेलं की एक प्रश्न हमखास येतो. ‘पत्रं तुम्ही खुशाल न्या, पण पाकिटावरची तिकिटं काढून घेतली तर चालेल ना?’ विचारणाऱ्याला काय बोलणार? लहानपणी वाटीत कोमट पाणी घेऊन आपणही तिकिटं सोडवलीत, टीपकागदावर वाळवलीत. पण उद्या पीएचडीसाठी खाजगी कागद वापरणार असाल तर या प्रश्नाचं उत्तर आधीच ठरवून ठेवलेलं बरं, कारण तिथे उभ्या उभ्या ‘हो’ म्हणून जायला होतं.

उदाहरण अंबाजोगाईचं घेते. मी एमएस्सी रसायनशास्त्रात केलं, पण सध्या काम चाललंय ते इथल्या घरांमधल्या जुन्या कागदांवर. आणि या गावात हा प्रश्न पुण्या-मुंबईपेक्षा जरा जास्त महाग पडतो.

कारण असं. हे गाव निजामाच्या राज्यात होतं, सरकारी नाव मोमिनाबाद. हैदराबाद संस्थानाचं टपालखातं स्वतंत्र होतं आणि १८६९ पासून तिकिटंही स्वतःची होती, फारसी-इंग्रजीबरोबर मराठी आणि तेलुगू अक्षरं असलेली. १९३१ च्या मालिकेत एक आण्यावर चारमिनार होता, आठ आण्यांवर अजिंठ्याचं प्रवेशद्वार आणि एक रुपयावर दौलताबादचा मिनार. ही तिकिटं संस्थानाच्या हद्दीतच चालायची. पत्र पुण्याला टाकायचं तर ब्रिटिश हिंदुस्थानचं तिकीट लागे. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाली, तरी टपालखातं लगेच बदललं नाही. ते भारतीय टपालात विलीन झालं १ एप्रिल १९५० ला. मग आण्यांची भारतीय तिकिटं आली, १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले. मधल्या काळात, नोव्हेंबर १९५६ मध्ये, मराठवाडा मुंबई राज्यात गेला. म्हणजे एखाद्या मास्तरांनी त्याच घरातून, त्याच दौतीतून दहा-बारा वर्षं पत्रं लिहिली असतील, तर पत्रातली अक्षरं तशीच राहिली आणि पाकिटाचा कोपरा मात्र दोनदा बदलला.

आता हा कोपरा काढून घेतला तर काय जातं?

सगळ्यात आधी तारीख जाते. पोस्टाचा शिक्का सहसा निम्मा तिकिटावर आणि निम्मा कागदावर पडतो. तिकीट सोडवलं की दिवस-महिना एका बाजूला आणि वर्ष दुसऱ्या बाजूला, अशी फाळणी होते. ‘तारीख पत्रात असेलच की!’ असं वाटेल. जुनी मराठी पत्रं उघडून बघा. वर लिहिलेलं असतं ‘चैत्र शु. ५, गुरुवार’, आणि वर्ष नाहीच. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला ते ठाऊक होतं, मग कशाला लिहा! तिथी आणि वार दोन्ही जुळणारी वर्षं पंचांगात शोधली तर साधारण सातातून एक निघतं. १९३१ ते १९५० या पट्ट्यात दोन-तीन उमेदवार वर्षं उरतात. त्यातलं खरं कोणतं, हे शिक्का सांगतो. शिक्का वाचता येत नसेल तर निदान तिकीट सांगतं, की अमुक मालिका निघाली त्याआधीचं हे पत्र असूच शकत नाही. पण तिकीट नातवाच्या अल्बममध्ये आणि पत्र ट्रंकेत असेल, तर कोणतं तिकीट कोणत्या पत्राचं हे सांगणार कोण?

दुसरी गोष्ट मला जास्त गंभीर वाटते. बिनतिकिटाचं पाकीट हाही पुरावा असतो. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी आली. स्वामी रामानंद तीर्थ त्याच दशकात अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत काम करत होते. अशा काळात जपून लिहिलेली पत्रं पोस्टात न टाकता माणसाहाती पाठवणं स्वाभाविक होतं. म्हणून अशा गठ्ठ्यात तिकीट नसलेलं पाकीट सापडलं की अंगावर काटा येतो: हे कुणी खिशात घालून आणलं असेल का? पण हे विचारायचा अधिकार आपल्याला तेव्हाच, जेव्हा गठ्ठ्याला कुणी हात लावलेला नाही याची खात्री असते. एका हौशी मुलाने वीस तिकिटं काढली की उरलेली खरी बिनतिकिटाची पाकिटंही संशयित होतात. नुकसान वीस पाकिटांचं दिसतं, प्रत्यक्षात ते अख्ख्या गठ्ठ्याचं असतं. (नॉटपेड पत्र वेगळं. त्यावर तिकीट नसलं तरी वसुलीची खूण असते.)

काढलेल्या तिकिटाची खूण राहत नाही का? कधीकधी राहते. तिकिटाखालचा कागद वर्षानुवर्षं उजेडापासून झाकलेला असतो, म्हणून तिथे फिकट चौकोन दिसतो. पण पत्र आलं त्याच आठवड्यात तिकीट काढलं असेल तर हा चौकोन तयारच होत नाही. डिंक उतरल्यावर लोक खळ लावून तिकीट चिकटवायचे. खळीचा अंश आयोडीनने निळा होईल हे बारावीचं पोरही सांगेल. पण मूळ कागदावर आयोडीन टाकायचा विचारसुद्धा करू नका.

रसायनाचा विषय निघालाच आहे तर पाण्याबद्दल. डिंक पाण्यात फुगतो, सुटतो, इथवर ठीक. पण त्याच पाण्यात पत्त्याची शाईही असते. लोहयुक्त जुनी काळी शाई बऱ्यापैकी टिकते. कॉपिंग पेन्सिल मात्र दगा देते: कोरडी असताना साध्या शिसपेन्सिलीसारखी राखाडी दिसते, ओल लागली की आतला जांभळा रंग पसरतो. पत्ता गेला म्हणून समजा. काही तिकिटांची शाई तर मुद्दाम कच्ची ठेवलेली असे. ब्रिटनमधली १८८० च्या दशकातली जांभळी-हिरवी तिकिटं याच बेताने छापली होती, शिक्का धुऊन तिकीट पुन्हा वापरायला गेलात तर तिकीटच धुऊन निघेल.

पोस्टकार्ड आणि आंतरदेशीय पत्र यांचा तर प्रश्नच वेगळा. त्यांच्यावर तिकीट छापलेलंच असतं, सोडवता येत नाही; मग मुलं कात्री लावतात. आणि कार्डाच्या पाठीवर मजकूर असतो. मी पाहिलेल्या एका कार्डावर ‘रक्कम मिळाली, परंतु’ एवढं आहे आणि पुढे आयताकृती खिडकी.

आता तिकीट जमवणाऱ्यांची बाजूही ऐका, ती मूर्खपणाची नाही. कागदातली जलचिन्हं आणि कडेची छिद्रं नीट तपासायची तर तिकीट सुटं लागतं. पॅरिसच्या लग्रां नावाच्या डॉक्टरांनी १८६६ मध्ये छिद्रं मोजायची पट्टी काढली आणि त्यातून तिकिटांचा शास्त्रशुद्ध अभ्यास उभा राहिला. पण ज्यांना या छंदातलं कळतं ते आज अख्खं पाकीटच मागतात. मॉरिशसच्या १८४७ च्या ‘पोस्ट ऑफिस’ तिकिटांचं उदाहरण घ्या. ती आज जगात तीससुद्धा उरलेली नाहीत. त्यांतली दोन एकाच पाकिटावर आहेत, आणि त्यावर पत्ता आपल्या मुंबईचा आहे: बायबल सोसायटीचे सचिव जेरम. १८९७ मध्ये ते हिंदुस्थानातल्या बाजारात सापडलं. पत्र आहे जानेवारी १८५० चं. म्हणजे नवी तिकिटं निघाल्यानंतरही १८४७ ची जुनी तिकिटं कुणीतरी वापरत होतं. शोधणाऱ्याने ती दोन तिकिटं भिजवून काढली असती तर दोन मौल्यवान तिकिटं उरली असती आणि ही माहिती पाण्याबरोबर वाहून गेली असती.

इतक्या दूर जायचीही गरज नाही. नोव्हेंबर १९७१ मध्ये बांगलादेशातल्या निर्वासितांसाठी प्रत्येक पत्रावर ५ पैशांचं जादा तिकीट सक्तीचं झालं. खास तिकीट छापून येईपर्यंत कुटुंबनियोजनाच्या ५ पैशांच्या तिकिटावर ‘शरणार्थी सहायता’ असं उमटवून काम भागवलं गेलं, आणि ते ठिकठिकाणी वेगवेगळ्या पद्धतीने. सुटं तिकीट दाखवलं तर ते कुठलं हे सांगणं अवघड. पाकिटावर असेल तर शिक्का शेजारीच आहे.

मग सरसकट ‘काहीच काढू नका’ म्हणायचं का? मला ते पटत नाही. संशोधक चार दिवस येतो, कागद त्या घरात शंभर वर्षं असतात. घरच्यांना त्यांच्याच वस्तूला हात लावू न देणं हा माज झाला. अंबाजोगाईत एका घरी काकूंनी विचारलं, ‘नातू जमवतो गं, देऊ का त्याला थोडी?’ आम्ही दोघींनी बसून वाटणी केली. १९६० च्या आधीचं एकही पाकीट द्यायचं नाही. कार्डं आणि आंतरदेशीय पत्रं अजिबात नाहीत. नंतरच्या काळातली बँकेची, विम्याची, छापील पत्त्याची पाकिटं त्याची. तीही पाण्यात न घालता, शिक्का पूर्ण राहील एवढा कागद सोडून कापायची. कापायच्या आधी दोन्ही बाजूंचे फोटो, कारण पोचल्याचा शिक्का मागे असतो. दोन्ही शिक्के वाचता आले तर पत्राला किती दिवस लागले तेही कळतं.

‘१९६० का?’ असं काकूंनी विचारलं, आणि प्रश्न रास्त होता. ती रेघ मी माझ्या विषयासाठी ओढली: संस्थान, विलीनीकरण, नवे पैसे, महाराष्ट्र राज्य, सगळं तोवर होऊन जातं. तुमचा विषय आणीबाणी असेल तर रेघ १९७७ च्या पुढे न्या. आणि गावाच्या शिक्क्यात ‘मोमिनाबाद’ जाऊन ‘अंबाजोगाई’ कधी आलं हे शोधत असाल, तर रेघ ओढायची घाईच करू नका. सरकारी आदेशाची तारीख गॅझेटात मिळते, पोस्टमास्तरांच्या हातातला शिक्का बदलला कधी ते पाकिटंच सांगतात.

एक व्यावहारिक गोष्ट राहिली. पाकिटाचा हलका कागद आम्लामुळे तपकिरी होतो आणि आतल्या पत्रालाही डाग पाडतो, म्हणून पत्र बाहेर काढून वेगळं ठेवावं लागतं. तसं करताना दोघांवर एकच क्रमांक शिसपेन्सिलीने घाला, पत्र १४ अ, पाकीट १४ आ. साधी एचबी पेन्सिल, हलका हात, आणि आकडा नेहमी मागच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात.