गुरुजींची नोंद

गेल्या श्रावणात एक गृहस्थ माझ्याकडे आले. ज्यांनी माझा हात हातात घेऊन पाटीवर पहिला ‘ग’ काढून घेतला, त्या गुरुजींचे हे चिरंजीव. आमच्या जिल्ह्याचा चरित्रकोश करण्याचा उद्योग आम्हां चार-पाच निवृत्त मंडळींनी अंगावर घेतला आहे, हे त्यांच्या कानी गेले होते. त्यांनी एक जाडजूड फाईल माझ्यापुढे ठेवली. वरच प्रशस्तिपत्र, खाली सत्काराची कात्रणे आणि मंत्रिमहोदयांबरोबरचे छायाचित्र.

“बाबांना राज्याचा पुरस्कार होता. तेव्हा त्यांची नोंद व्हायलाच हवी,” ते म्हणाले.

मी फाईल दोनदा चाळली आणि जड मनाने सांगितले, “एवढ्यावर नोंद होणार नाही.” गृहस्थ चहा न घेताच उठले. त्या रात्री मला झोप लागली नाही. गुरूला दक्षिणा द्यायची वेळ आली आणि आपण हात आखडता घेतला, असे वाटत राहिले. म्हणून मग आपल्या कोशकारांच्या वाटेने जरा मागे जाऊन पाहिले.

मराठी माणसाला कोशाचे वेड जुने आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोशाचे २३ खंड पुरे केले. सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांनी प्राचीन, मध्ययुगीन आणि अर्वाचीन असे तीन चरित्रकोश १९३२, १९३७ आणि १९४६ साली महाराष्ट्राच्या हाती दिले. पुढे वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली मराठी विश्वकोश उभा राहिला आणि १९७६ साली त्याचा पहिला खंड बाहेर पडला. कोश म्हणजे काही गावजेवणाची पंगत नव्हे, की आला त्याला पाट मांडला. एकाला ओळी द्यायच्या तर दुसऱ्याच्या ओळी कापाव्या लागतात.

आता कोशांत शिक्षक नाहीत असे कोण म्हणेल? पण ते आत आले ते बहुधा दुसऱ्याच दाराने. दादोबा पांडुरंग आले ते १८३६च्या व्याकरणामुळे. केशवसुत आयुष्यभर शाळामास्तरकी करीत राहिले आणि आले ते कवितेमुळे. साने गुरुजींनी अमळनेरच्या शाळेत सहा वर्षे शिकवले, पण घराघरांत पोचवले ते ‘श्यामच्या आई’ने. वर्गात उभे राहून शिकवणे, हे ज्याचे एकमेव कर्तृत्व, त्याला दार कोणते?

पुरस्कार हे ते दार होऊ शकेल काय? शिक्षकांसाठी राष्ट्रीय पुरस्कार १९५८ साली सुरू झाले. वाढता वाढता त्यांची संख्या दरसाल तीनशेच्या वर गेली आणि २०१८ साली निवडीची रीत बदलून ती एकदम पन्नासाच्या आत आणली. म्हणजे एका साली जे काम पुरस्काराला पुरले असते, तेच पुढच्या साली कदाचित पुरले नसते. काम तेच, माप बदलले. अशा मापाने कोशाचे धान्य कसे मोजावे? त्यातून अर्ज शिक्षकानेच करायचा, म्हटल्यावर ज्याला स्वतःविषयी लिहायचा संकोच, तो उंबऱ्याबाहेरच राहिला.

उलट बाजूही पाहा. सावित्रीबाईंनी १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींना शिकवायला आरंभ केला. १८५२च्या नोव्हेंबरात विश्रामबागवाड्यात सरकारने जोतीरावांचा जाहीर सत्कार केला. सावित्रीबाईंचे मोठेपण मात्र सर्वांच्या तोंडी यायला त्यांच्या मृत्यूनंतर कितीतरी दशके जावी लागली. आज राज्याचा शिक्षक पुरस्कार त्यांच्याच नावाने दिला जातो. म्हणजे पुरस्काराने त्यांना मोठे केले नाही, त्यांच्या नावाने पुरस्कार मोठा झाला.

ताराबाई मोडकांना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. पण क्षणभर ते पदक बाजूला ठेवा. गिजुभाई बधेकांबरोबर १९२६ साली काढलेला नूतन बालशिक्षण संघ उरतो. १९४५चे बोर्डीचे काम उरते, १९५७ नंतरची कोसबाडची टेकडी उरते. वारल्यांची पोरे शाळेत येईनात, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. पोरे गुरांमागे कुरणात गेली, तर कुरणशाळा काढली. १९७५ साली देशभर बालविकासाची सरकारी योजना निघाली, तेव्हा ‘अंगणवाडी’ हा शब्द तिने उचलला. त्यांच्या सहकारी अनुताई वाघांना १९८५ साली पद्मश्री मिळाली, तीही आयुष्य त्या टेकडीवर वेचल्यानंतरच.

अलीकडचे उदाहरण सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी. २०२० साली त्यांना दहा लाख डॉलरांचा जागतिक पुरस्कार मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटून टाकली. रक्कम विसरा, पाठ्यपुस्तकाच्या पानावर मोबाईलने वाचता येणारी चौकोनी खूण आणण्याची त्यांची युक्ती उरतेच.

तेव्हा मला एक साधी कसोटी सापडली. पुरस्कार वगळून काय उरते? काही उरले तर नोंद करावी, आणि पुरस्कार शेवटच्या ओळीत लिहावा.

ही कसोटी घेऊन मी गुरुजींच्या घरी गेलो. चिरंजीव जरा घुश्श्यातच होते. मी विचारले, “फाईलमध्ये नाही असे काही आहे का?” ते म्हणाले, “ट्रंकेत रद्दी आहे बाबांची.” त्या रद्दीत सुतळीने बांधलेली एक वही निघाली. १९७२च्या दुष्काळातली. गाव खडी फोडायला गेले, शाळा ओस पडली. तेव्हा गुरुजी रोज संध्याकाळी कामावर जाऊन, पालांसमोर कंदील लावून मुले शिकवीत होते. तिथला हा हजेरीपट. एकेचाळीस नावे. काहींच्या पुढे ‘उपाशी, झोपला’ असा शेरा. फाईलमधल्या एकाही कात्रणात याचा उच्चार नव्हता. गुरुजींनी तो कुणाला सांगितलाच नसावा.

मी मान खाली घालून बसलो. चूक कोशाची नव्हती, पुरस्काराचीही नव्हती. चूक आमची होती. आम्ही प्रशस्तिपत्र काचेत लावले आणि वही ट्रंकेत टाकली. प्रत्येक शाळेने आपल्या मास्तरांचे चार पानी वृत्त लिहून ठेवले असते, तर कोशकाराला असे चाचपडावे लागले नसते.

त्या एकेचाळिसांपैकी सात जण आजवर भेटले. त्यांच्या आठवणी उतरवून वहीशी ताडून पाहतो आहे. नोंद आठ ओळींची होईल. चिरंजीवांनी परवा मसुदा वाचला आणि विचारले, “पुरस्कार एवढा खाली का?” मी वही त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती बराच वेळ वाचली. मग आत वळून म्हणाले, “अगं, चहा ठेव.”