फॅमिकॉमच्या पडद्यावरील उभ्या रेघा : एका चित्राच्या शुद्धीकरणाचा इतिहास

(१)
१५ जुलै १९८३. जपानमध्ये निन्टेंडो कंपनीचे 'फॅमिली कॉम्प्युटर' हे व्हिडिओ गेमचे यंत्र विक्रीस आले. किंमत १४,८०० येन. लोकांनी त्याचे नाव आखडून 'फॅमिकॉम' केले. आज चार दशकांनंतर हौशी मंडळी हे यंत्र उघडतात, त्यातून अधिक स्वच्छ चित्र काढण्यासाठी नव्या तारा जोडतात, आणि पडद्यावर तुरुंगाच्या गजांसारख्या फिकट उभ्या रेघा उमटतात. या रेघा येतात कुठून? उत्तरासाठी १९८३ मध्येच जावे लागते.

(२)
फॅमिकॉमची रचना मासायुकी उएमुरा यांच्या नेतृत्वाखाली झाली. कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांचा आग्रह एकच होता : यंत्र स्वस्त हवे. त्या काळच्या बहुतेक घरगुती टीव्हींना अँटेनाच्या जोडणीखेरीज चित्र आत घेण्याचा दुसरा मार्ग नव्हता. म्हणून फॅमिकॉममध्ये 'आरएफ मॉड्युलेटर' बसवला गेला. हा भाग म्हणजे जणू एक चिमुकले प्रक्षेपण केंद्र. तो चित्र आणि आवाज एकत्र करून चॅनेल १ किंवा २ वर पाठवी.

(३)
नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातील अनेक घरांनीही हा विधी अनुभवला. अँटेनाची वायर काढायची, 'टीव्ही गेम'ची वायर लावायची, आणि मुंग्यांतून चित्र वर येईपर्यंत टीव्हीचे ट्यूनिंग फिरवत राहायचे. ती यंत्रे बहुतांशी फॅमिकॉमच्याच प्रतिकृती होत्या. शेजारच्या मिक्सरने पडद्यावर ठिपके उडावेत, यात नवल नव्हते. चित्र प्रक्षेपणाच्या वाटेने येत होते, त्यामुळे प्रक्षेपणाचे सारे दोषही सोबत येत होते.

(४)
मात्र खरी मेख मॉड्युलेटरच्याही आधी आहे. चित्र घडवणारी चिप रिको कंपनीने बनवली. तिचे नाव 'पीपीयू', क्रमांक २सी०२. रंगीत चित्राचा नेहमीचा मार्ग असा : आधी लाल, हिरवा आणि निळा असे तीन वेगळे सिग्नल तयार करायचे, मग ते एकत्र गुंफून टीव्हीला द्यायचे. तीन वेगळ्या सिग्नलना 'आरजीबी' म्हणतात, एकत्र गुंफलेल्याला 'कंपोझिट'. २सी०२ चिप पहिली पायरी गाळून थेट कंपोझिटच तयार करते.

(५)
हे कसे साधले? यंत्राचे मुख्य घड्याळ सेकंदाला सुमारे २ कोटी १५ लाख ठोके देते. त्याचा सहावा भाग म्हणजे अमेरिका-जपानच्या एनटीएससी पद्धतीतील रंगलहरीचा वेग. या लहरीचे १२ टप्पे पाडून चिप रंगछटा ठरवते, आणि व्होल्टेजच्या मोजक्या पातळ्यांनी उजेड ठरवते. लाल, हिरवा, निळा हे तीन वेगळे सिग्नल या चिपमध्ये कुठेच अस्तित्वात नसतात. सुटे भाग वाचले, पैसे वाचले. पण स्वच्छ आरजीबीचा दरवाजाही बंद झाला.

(६)
याचा एक विलक्षण परिणाम झाला. फॅमिकॉमच्या सुमारे ५४ रंगांना निश्चित मूल्यच नाही. चिप फक्त लहर देते. तिचा अर्थ प्रत्येक टीव्ही आपापल्या परीने लावतो. 'सुपर मारिओ ब्रदर्स'मधील आकाश एका टीव्हीवर निळे दिसते, तर दुसऱ्यावर जांभळ्याकडे झुकते. दोहोंपैकी खरे कोणते, या प्रश्नाचे उत्तर यंत्रात शोधून सापडत नाही.

(७)
हौशी मंडळींची पहिली दुरुस्ती साधी होती : मॉड्युलेटरला वळसा घालायचा. २सी०२ च्या २१ क्रमांकाच्या पायावर कंपोझिट चित्र तयारच असते. मात्र तो सिग्नल दुबळा असतो. टीव्हीच्या ७५ ओहमच्या भारापुढे तो टिकत नाही. म्हणून मध्ये एक छोटा ट्रान्झिस्टर, काही रेझिस्टर आणि एक कपॅसिटर असे सर्किट बसवावे लागते. हेच 'एव्ही मॉड'.

(८)
येथून बिघाडांची मालिका सुरू होते, आणि प्रत्येक लक्षण काहीतरी सांगते.
चित्र फार भडक वा फार अंधुक : ७५ ओहमचा हिशेब चुकला आहे.
चित्रच नाही, पण आवाज आहे : ट्रान्झिस्टरचे पाय उलटे लागले असावेत, किंवा २१ व्या पायाचा डाख कच्चा असावा.
उजळ दृश्य येताच चित्र थरथरते : कपॅसिटर जुना वा अपुरा असू शकतो.

(९)
आणखी एक सापळा नव्या टीव्हीचा. फॅमिकॉम प्रत्येक चित्रात २६२ ओळी पाठवतो, त्याही प्रक्षेपणाप्रमाणे सम-विषम अशा दोन हप्त्यांत न विभागता. जुन्या काचनळीच्या टीव्हीला त्याचे काही वाटत नसे. आधुनिक पडदा मात्र कधी हा सिग्नल चुकीचा वाचतो, कधी साफ नाकारतो. म्हणून जाणकार आधी जुन्या टीव्हीवर चित्र पाहतात. तेथे ते नीट असेल, तर निर्दोष सर्किटवर पुन्हा डाख देण्याचे कारण उरत नाही.

(१०)
आता त्या उभ्या रेघा. २सी०२ चित्र काढत असताना सतत स्मृतीतून माहिती आणत असते, आणि हा क्रम दर ८ बिंदूंनी पुन्हा सुरू होतो. ही धावपळ ज्या तारांतून होते, त्या चित्राच्या तारेला खेटून जातात. त्यांची विद्युत कुजबुज चित्रात झिरपते. प्रत्येक ओळीत ती त्याच जागी झिरपते, म्हणून ओळींखाली ओळी रचल्या गेल्या की ठिपक्यांची सरळ उभी रेघ होते.

(११)
मॉड्युलेटरच्या धूसर चित्रात या रेघा बऱ्याच अंशी बुडून जात. चित्र स्वच्छ केले आणि त्या उघड्या पडल्या. जुन्या भिंतीचा रंग खरवडावा आणि मागचे तडे दिसावेत, तसे हे झाले. त्यावरचा रूढ उपाय असा : २१ वा पाय सर्किट बोर्डवरून उचलून मोकळा करायचा, तेथून वेगळी आच्छादित वायर न्यायची, आणि चिपच्या वीजपुरवठ्याजवळ कपॅसिटर लावायचा. रेघा फिकट होतात. पूर्ण जातीलच असे नाही.

(१२)
हा दोष केवळ हौशी हातांचा नव्हे, याला कंपनीचीच यंत्रे साक्ष देतात. १९८५ मध्ये अमेरिकेत आलेल्या एनईएस यंत्राला बाजूला एव्ही जोडणी होती. १९९३ मध्ये त्याची स्वस्त आवृत्ती निघाली, तेव्हा ती जोडणी काढून टाकली गेली आणि पुन्हा केवळ आरएफ उरले. उभ्या रेघांसाठी ही आवृत्ती कुप्रसिद्ध आहे. त्याच वर्षी जपानमध्ये आलेल्या नव्या फॅमिकॉमला मात्र एव्ही जोडणी मिळाली. चिप तीच, काळ तोच. फरक पडला तो किमतीच्या आणि बाजारपेठेच्या हिशेबाने.

(१३)
भारतात प्रश्न आणखी वेगळा होता. येथील प्रक्षेपण पाल पद्धतीचे, सेकंदाला ५० चित्रांचे आणि वेगळ्या रंगलहरीचे. केवळ पाल समजणाऱ्या टीव्हीवर जपानी फॅमिकॉमचे चित्र फार तर कृष्णधवल दिसे, एरवी वर-खाली सरकत राही. प्रतिकृती बनवणाऱ्या तैवानच्या यूएमसी कंपनीने यासाठी फॅमिकॉमच्या चिपची पाल आवृत्ती काढली. जपानी कॅसेट तिच्यावर चालत, रंगही येत. पण ६० ऐवजी ५० चित्रे म्हटल्यावर खेळ सुमारे एक षष्ठांशाने संथ होई.

(१४)
दरम्यान निन्टेंडोच्या घरातच आरजीबी देणारी एक चिप होती. व्हिडिओ पार्लरमधील यंत्रांसाठी, म्हणजे १९८४ च्या 'व्हीएस. सिस्टीम' आणि १९८६ च्या 'प्लेचॉइस-१०' साठी, २सी०३ ही बहीण-चिप वापरली गेली. पार्लरच्या मॉनिटरला आरजीबी लागे. ही चिप फॅमिकॉमच्या चिपशी इतकी मिळतीजुळती होती की थोड्या फेरफाराने तिच्या जागी बसवता येई. हौशी मंडळींना मार्ग सापडला.

(१५)
पण त्याची किंमत काय होती? नवी २सी०३ बाजारात मिळत नव्हती. ती मिळवायची तर पार्लरच्या यंत्राचा बोर्ड फोडावा लागे. एका फॅमिकॉमचे चित्र लखलखीत करण्यासाठी दुसरे ऐतिहासिक यंत्र मुके होई. शिवाय नवे दोष येत. घरगुती चिपमधील दोन करडे रंग २सी०३ मध्ये नाहीत. तेथे काळा दिसतो. ज्या खेळांनी पडदा मंद करण्याची घरगुती चिपची युक्ती वापरली, त्यांत पडदा मंद होण्याऐवजी पांढराफटक होई.

(१६)
सर्वांत बोलका बिघाड पायांचा आहे. २सी०३ मध्ये लाल, हिरवा आणि निळा सिग्नल १४ ते १७ क्रमांकांच्या पायांवर येतात. घरगुती २सी०२ मध्ये हेच चार पाय वेगळ्या कामाचे होते : दोन पीपीयू एकमेकींना जोडण्याचे. फॅमिकॉममध्ये एकच पीपीयू, म्हणून ते थेट जमिनीला, म्हणजे ग्राउंडला, बांधलेले. हे विसरून चिप बदलली, तर रंग जमिनीत जिरतात आणि पडदा काळा राहतो.

(१७)
पुढे याच न वापरलेल्या पायांनी इतिहासाला वळण दिले. २०१० च्या दशकात एफपीजीए चिप असलेले छोटे बोर्ड आले. मूळ २सी०२ काढून या बोर्डवर बसवतात. त्या चार पायांतून बिंदूंची अंकरूप माहिती बाहेर घेतली जाते, चिपला मिळणाऱ्या आज्ञांशी तिची सांगड घातली जाते, आणि शुद्ध आरजीबी नव्याने घडवले जाते. १९८३ मध्ये जमिनीत पुरून टाकलेला मार्ग तीस वर्षांनी खुला झाला. आता पार्लरचे यंत्र फोडण्याची गरज उरली नाही.

(१८)
तरी धोका संपलेला नाही. चाळीस पायांची जुनी चिप उपटताना बोर्डवरील तांब्याच्या नाजूक रेषा सहज उखडतात. नव्या जोडणीसाठी कवचाला भोक पाडले, तर ते बुजत नाही. आणि आरजीबी आले तरी रंगांचा प्रश्न तसाच उभा राहतो. मूळ चिपने रंगांना मूल्ये दिलीच नव्हती, त्यामुळे नवा बोर्ड दाखवतो ते रंग म्हणजे आजच्या कुणीतरी केलेली निवड असते. तेव्हाचे चित्रकार घरगुती टीव्हीचा धूसरपणा गृहीत धरून ठिपके मांडत. तो धूसरपणा पुसला की त्यांच्या चित्राचाही काही भाग पुसला जातो.

(१९)
जुन्या वास्तूंच्या जतनात एक तत्त्व मानतात : केलेला बदल मागे घेता यावा. तेच येथेही लागू पडते. उघडण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत, काढलेला मॉड्युलेटर जपून ठेवावा, कवच कापण्याऐवजी मूळ भोकांतूनच वायर काढावी, आणि काय बदलले याची चिठ्ठी यंत्राच्या आत ठेवावी. पन्नास वर्षांनी ते यंत्र उघडणाऱ्याला तीच नोंद उपयोगी पडेल.

(२०)
फॅमिकॉमच्या पडद्यावरील उभी रेघ हा १४,८०० येनांचा हिशेब आहे. एक पायरी गाळली, तारा खेटून नेल्या, चार पाय जमिनीला बांधले. त्यामुळेच हे यंत्र लाखो सामान्य घरांना परवडले. रेघ पुसावी की ठेवावी, हे ज्याने त्याने ठरवावे. पण डाख देण्याची सळई हातात घेण्यापूर्वी ती रेघ एकदा नीट वाचावी.