पायवाटेने जाणारी करवतगिरणी

लाकूड कापणारे यंत्र बैलांनी किंवा मोटारीने ओढून एका रानातून दुसऱ्या रानात नेता आले, की त्याला फिरती गिरणी म्हणण्याचा प्रघात आहे. शब्द चुकीचा नाही. पण चाके लावल्याने अडचण संपत नाही. गिरणी हलते की नाही, हा खरा प्रश्नच नव्हे. जंगलातील सर्वांत जड वस्तू हलविल्यावाचून काम भागते काय, हा खरा प्रश्न आहे. आणि ती जड वस्तू म्हणजे आडवा पडलेला ओंडका.

थोडा हिशेब मांडून पाहावा. पाच मीटर लांब आणि ८० सेंटिमीटर व्यासाचा ओंडका सुमारे अडीच घनमीटर भरतो. लाकूड ओले असेल तर त्याचे वजन सहज दोन टनांवर जाते. तो ओढावयाचा तर हत्ती, बैलांच्या जोड्या किंवा बुलडोझर हवा. बुलडोझर आला की रस्ता आला, आणि रस्त्यासाठी आणखी झाडे आडवी झाली. त्याच ओंडक्यातून पाडलेली १५ सेंटिमीटर रुंद व पाच सेंटिमीटर जाड फळी मात्र ३० ते ३५ किलोंची असते. ती माणसाच्या खांद्यावरून पायवाटेने जाऊ शकते. ओंडका जागच्या जागी कापला जातो तेव्हा नुसते वजन कमी होत नाही. रस्त्याची, यंत्राची आणि ती पुरविणाऱ्या धनिकाची गरजही कमी होते.

या दृष्टीने पाहिले तर सर्वांत जुनी पद्धतच सर्वांत फिरती ठरते. खड्डा खणून त्यावर ओंडका आडवा ठेवावयाचा, एकाने वर उभे राहावयाचे, दुसऱ्याने खाली उतरावयाचे आणि लांब करवत वरखाली ओढावयाची. खालच्या माणसाच्या डोळ्यांत दिवसभर भुसा पडे. करवत खांद्यावर टाकून ही जोडी कोठेही जाऊ शके. उणीव एकच होती, ती म्हणजे वेगाची.

वेग आणला गोल करवतीने. साउदॅम्प्टनच्या सॅम्युएल मिलर याने १७७७ साली तिचे पेटंट घेतले. पण ती जंगलात शिरली ती एकोणिसाव्या शतकात, चाकांवरच्या वाफेच्या एंजिनाबरोबर. अमेरिकेच्या अरण्यांत अशा गिरण्या ठिकठिकाणी उभ्या राहिल्या. इंधनाची चिंता नव्हती, कारण कापताना निघणाऱ्या सालपट फळ्याच बॉयलरमध्ये जात. तरीही बॉयलरला पाणी हवे, करवतीला पक्का पाया हवा, ओंडका वाहून नेणाऱ्या गाड्याला सरळ व समपातळीतील रूळ हवेत. पातळी बिघडली की फळी एका टोकाला जाड व दुसऱ्या टोकाला पातळ निघावयाची. एवढी मांडामांड करण्यात दिवस जात. मग भोवतालची बरीच झाडे कापल्याखेरीज तेथून उठणे परवडत नसे. गिरणी फिरती खरी, पण एकदा मांडली की स्थावर. आणि ओंडके तिच्याकडे ओढून आणणे काही सुटले नव्हते.

या गिरणीला जंगलात टिकून राहण्याचे सामर्थ्य दिले ते एका लहानशा शोधाने. ओंडक्यात लपलेल्या खिळ्यावर किंवा दगडावर करवत आदळली की दात मोडे. मग साऱ्या करवतीचे दात कानशीने झिजवून बरोबरीला आणावे लागत आणि प्रत्येक वेळी तिचा व्यास घटे. कॅलिफोर्नियातील नेथन स्पॉल्डिंग याने १८६०च्या दशकात वक्र खाचेत बसणारे सुटे दात प्रचारात आणले. मोडलेला दात काढावा, खिशातला नवा बसवावा आणि काम पुढे चालवावे. लोहाराच्या भट्टीपासून शेकडो मैल दूर असलेल्या माणसाला याचे मोल सांगावयास नको होते. फिरत्या यंत्राच्या दुरुस्तीची सोयही त्याच्याबरोबर फिरली पाहिजे, ही गोष्ट पुढच्या संशोधकांनी अनेकदा विसरून पाहिली आणि प्रत्येक वेळी ती महागात पडली.

पहिल्या महायुद्धात या गिरण्यांनी समुद्रही ओलांडला. खंदक, रेल्वेमार्ग व तळ यांसाठी लाकूड अफाट लागे; जहाजांत ते फार जागा अडवी, आणि जर्मन पाणबुड्यांमुळे जहाजांचा तुटवडा होता. म्हणून १९१६ साली ब्रिटनने कॅनडाकडे लाकडाबरोबरच लाकूडतोड्यांचीही मागणी केली. कॅनेडियन फॉरेस्ट्री कोअरच्या तुकड्यांनी ब्रिटनच्या आणि फ्रान्सच्या वनांत गिरण्या मांडल्या व तिथलीच झाडे कापली.

पुढे यंत्रे हलकी झाली. अमेरिकेतील वुड-मायझर कंपनीने १९८२ साली पातळ पट्टीची करवत गाड्यावर बसवून बाजारात आणली. जुनी गोल करवत प्रत्येक कापात सुमारे सहा मिलिमीटर लाकडाचा भुसा करी, ही पट्टी दोन मिलिमीटरांच्या आसपास. दहा कापांत चार सेंटिमीटर लाकूड वाचले म्हणजे एक जाड फळी फुकट मिळाली. मात्र ओंडका उचलून यंत्राच्या चौकटीवर चढवावा लागे. तेव्हा ही गिरणी सडकेवर फिरती होती, रानात नव्हे.

रानात खऱ्या अर्थाने चालणारी गिरणी लोकांच्या नित्याच्या जीवनात आली ती पापुआ न्यू गिनी येथे. तेथील टोक पिसिन भाषेत तिचे नावच ‘वोकाबाउट सोमिल’, म्हणजे पायी हिंडणारी करवतगिरणी. हा देश १९७५ साली स्वतंत्र झाला. तेथील नव्वद टक्क्यांहून अधिक जमीन रूढीने कुळांच्या मालकीची आहे. सरकारची किंवा सावकाराची नव्हे. मालक होते, जंगल होते, पण दोन टनांचा ओंडका हलविण्याचे साधन नव्हते. ते साधन परदेशी कंपन्यांजवळ होते, म्हणून ओंडके त्यांच्या जहाजांत गेले आणि मालकांच्या हाती थोडीशी रॉयल्टी पडली. न्यायमूर्ती टॉमस बार्नेट यांच्या चौकशी आयोगाने १९८७ ते १९८९ या काळात या व्यापाराची झडती घेतली; तेव्हा किंमत कमी दाखविण्याचे प्रकार आणि राजकारण्यांना दिलेली लाच, दोन्ही उजेडात आली.

अशा वेळी ही गिरणी पुढे आली होती. तिची रचना साधी होती. झाड जेथे पडले तेथेच ओंडक्यावर चौकट उभारावयाची. तिच्यावरून लहान एंजिन व दोन गोल करवती असलेला गाडा माणसाने ढकलावयाचा. एक करवत उभी कापी, दुसरी आडवी, आणि एका फेरीत एक फळी सुटून येई. ओंडका तसूभरही हलत नसे. हलत असे ती करवत. काम संपले की सारे सुटे करून माणसांनी पुढच्या झाडापाशी वाहून न्यावयाचे. अशा शेकडो गिरण्या खेड्यांतून गेल्या. हवी तीच झाडे पाडता आली, आणि मालक स्वतःच लाकडाचा विक्रेता झाला.

पण हा सगळा इतिहास विजयाचा नाही. पेट्रोल दूरच्या गावाहून आणावे लागे, करवतीला धार लावणारा हात तयार नसे, आणि सुटा भाग मिळेपर्यंत यंत्र झाडाखाली गंजत पडे. निर्यातीचा गिऱ्हाईक ठरलेल्या जाडीची, वाळलेली, प्रतवारी लावलेली फळी मागे. हाताने ढकललेल्या गाड्याकडून तसा नेमकेपणा मिळविण्यास सराव लागतो. मिळालेला पैसा कुळात कसा वाटावा, यावरूनही तंटे झाले. अनेक गिरण्या काही वर्षांतच बंद पडल्या. ज्या गावात यंत्र दुरुस्त करणारा माणूस घरचाच होता, तेथे ती टिकण्याची शक्यता अधिक होती. स्पॉल्डिंगच्या सुट्या दाताची गोष्ट येथे माणसाच्या रूपाने पुन्हा आली. १९९०च्या दशकात ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडच्या कारागिरांची, एकच करवत उभी-आडवी वळविणारी यंत्रे पॅसिफिक बेटांवर पसरली; तत्त्व तेच, नेमकेपणा अधिक.

भारतात मात्र हेच यंत्र अगदी निराळ्या दृष्टीने पाहावे लागते. येथील वनांचा मोठा भाग शासनाचा आहे, आणि त्यातून निघालेल्या ओंडक्याची ओळख म्हणजे त्यावर हातोडीने उमटविलेला वनखात्याचा शिक्का व सोबतचा वाहतूक पास. ओंडका जागीच कापला तर शिक्का भुशात जातो, आणि फळी कोणत्या झाडाची हे कोणीच सांगू शकत नाही. गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी वनक्षेत्रात केंद्राच्या संमतीवाचून चालणाऱ्या करवतगिरण्या थांबविल्या. २००२ साली केंद्रीय समितीच्या परवानगीशिवाय नवी गिरणी उघडण्यासही मनाई केली. २०१६ साली केंद्र सरकारने लाकडावर आधारलेल्या उद्योगांसाठी मार्गदर्शक सूत्रे काढून परवान्यांचा विचार राज्यस्तरीय समित्यांकडे सोपविला. पापुआत जी गिरणी मालकाच्या हाती आली म्हणून चांगली ठरली, तीच येथे चोराच्या हाती पडेल ही धास्ती आहे, आणि ती निराधार नाही. मात्र आपल्या बांधावर साग किंवा शिवण लावणाऱ्या शेतकऱ्याचे झाड वनातले नसते. त्याचा ओंडकाही मालमोटारीत चढून शहराच्या वखारीपर्यंत जातो, आणि त्या वाहतुकीचा खर्च झाडाच्या किमतीतून वजा होतो.